होतकरू ब्रह्मदेवांसाठी प्राथमिक सूचना

आपण डंजन मास्टर व्हायचे ठरवले आहे, त्याबद्दल अभिनंदन. यापुढे चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतील. कुणी मांत्रिक होईल, कुणी चोर, कुणी दाढीवाला बुटका योद्धा. उरलेले सगळे, म्हणजे राजे, ड्रॅगन, पाऊस, पूल, खाणावळीतला रस्सा आणि तो वाढणारी बाई, आपण व्हायचे. मानधन नाही. अधिकार मात्र अमर्याद, असे निदान पुस्तकात छापलेले आहे.

तेव्हा पहिली सूचना : पुस्तक विकत घ्या. शक्यतो जाडजूड घ्या, कारण पुढे मित्र ते आपल्याच तोंडासमोर उघडून धरणार आहेत. पूर्वी एवढे पुरावे नसत. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला तेव्हा खोक्यात तीन बारक्या पुस्तिका होत्या, आणि त्या एवढ्या त्रोटक की नुसत्या वाचून खेळ कसा खेळायचा हे कळले तर नशीब. शेवटी तर वाचकालाच सुचवले होते की बाबांनो, पुढचे तुमचे तुम्ही ठरवा, तुमच्या वाटची कल्पनाशक्ती आम्ही कशाला चालवायची? लोकांनी हा सल्ला मनावर घेतला. व्हायचे तेच झाले : जितकी टेबले तितके खेळ.

पाच वर्षांनी त्याच गायगॅक्सने डंजन मास्टरसाठी दोनशेहून जास्त पानांचा ग्रंथ काढला. खेळ सगळीकडे साधारण सारखा चालावा, असा आता त्याचा आग्रह होता. त्यात कोष्टकेच कोष्टके. रोग कोणता जडला, हिरा कितीचा निघाला, एवढेच काय, रात्री शहरात फिरताना कोणत्या प्रकारची वेश्या भेटली, हेही फासे टाकून ठरवायची सोय होती. गंमत अशी की टेबलावर कुणी खेळाडू फार त्रास देऊ लागला तर त्याच्या पात्राच्या डोक्यावर आकाशातून निळी वीज पाडावी, असाही उपाय याच ग्रंथात आहे. एवढी मोठी नियमांची इमारत बांधून गच्चीवर मनमानीसाठी एक खोली राखलेली! किल्ली अर्थात मास्टरकडे.

नियम की मनमानी, हे भांडण ड्रॅगन यायच्या आधीचे आहे, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 साली नकाशावरच्या युद्धाचा खेळ नियमबद्ध केला. तोफ किती मारा करते, किती शिपाई पडतात, सगळे फासे आणि तक्ते सांगत. अधिकारी आकडेमोडीने कंटाळले. 1876 साली वेर्दी दु वेर्नुआ या सेनानीने तक्ते बाजूला ठेवायला सांगितले : लढाया पाहिलेला अनुभवी पंच बसवा, तो म्हणेल ते खरे. गायगॅक्सचे दोन्ही अवतार, पुस्तिकावाला आणि ग्रंथवाला, असे आधीच होऊन गेले होते. फक्त क्रम उलटा होता.

दुसरी सूचना ‘जगाचा इतिहास लिहा’ अशी असते. ती सोडून दिली तरी चालेल. खेळाडू तो वाचत नाहीत.

तिसरी सूचना मात्र नीट वाचा. जग नकाशात नसते, ते नियमात असते. जुन्या खेळात अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्यातून मिळत, राक्षस मारून फारसे मिळत नसत. मग शहाणे खेळाडू काय करत? राक्षस झोपलेला बघून सोने पळवत. आपण शूरवीरांचे कितीही पोवाडे रचा, त्या नियमाखाली आपले जग भुरट्यांचेच होणार. पुढच्या आवृत्त्यांत गुण राक्षसाला हरवण्याशी बांधले गेले, आणि तीच मंडळी रोज सकाळी तलवारीला धार लावू लागली.

दुसरे उदाहरण घ्या. जुन्या नियमांत कायमचा उजेड पाडणारा एक मंत्र आहे. एका दगडावर टाकला की दगड अखंड तेवत राहतो. आता प्रश्न असा की हा मंत्र येणारे लोक राज्यात असताना गावोगाव मशाली आणि तेलाचे बुधले का विकले जातात? आळशी मास्टर म्हणतो, ‘तो मंत्र माझ्या जगात नाही.’ संपले. भित्रा मास्टर प्रश्नच ऐकत नाही. आपण फुकट मिळालेली गोष्ट सोडू नका : तेल्यांच्या संघाने त्या मंत्राच्या पोथ्या जमतील तेवढ्या विकत घेऊन एका तळघरात कुलूपबंद केल्या आहेत, आणि मंत्र शिकलेला एक पोरगा काल रात्रीपासून बेपत्ता आहे. ही गोष्ट नियमाने दिली. नुसत्या प्रतिभेला ती वर्षभर सुचली नसती, असे माझे ठाम मत आहे.

आता नियमांवर बोट ठेवून भांडणाऱ्या खेळाडूंकडे, म्हणजे वकिलांकडे वळू. प्रत्येक टेबलावर एक असतो. तिसऱ्या आवृत्तीच्या दरपत्रकात दहा फुटी शिडी पाच तांब्याच्या नाण्यांना मिळे आणि दहा फुटी काठी दोन चांदीच्या, म्हणजे वीस तांब्याच्या नाण्यांना. शिडीच्या पायऱ्या काढल्या की दोन काठ्या! वकील तलवार टाकून लाकडाचा व्यापारी व्हायला निघतो. त्याची दुसरी योजना याहून भव्य असते. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची. हजारो शेतकरी रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने आपली पाळी राखून ठेवायची आणि भाला हाती येताच पुढच्याला द्यायचा. सगळे त्या सहा सेकंदांत. शेवटच्या माणसाकडे भाला तोफगोळ्याला लाजवील अशा वेगाने पोहोचला पाहिजे, असे वकिलाचे म्हणणे. 2024 सालच्या मार्गदर्शक ग्रंथात अखेर स्पष्ट लिहावे लागले की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि अर्थशास्त्रही नव्हे. वकिलाला हे पान दाखवा. तो पुढचे पान काढील. अशा वेळी निळ्या विजेचा मोह होतो, पण ती पाडू नका. भाला पडला म्हणा. एवढ्या हातांतून जाताना कुणाच्या तरी हातून तो पडणारच.

राक्षस कुठून आणायचे, ही चिंता करू नका. घुबडाचे डोके आणि अस्वलाचे धड असलेला प्रसिद्ध राक्षस गायगॅक्सने हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यावरून काढला होता. भुयाराची वाट दहा फूट रुंद असते म्हणून त्या वाटेत बरोब्बर बसणारा, दहा फूट लांब-रुंद-उंच, चालता जेलीचा ठोकळाही या खेळात आहे. कल्पना भुयाराच्या मापाने कापलेली, आणि त्यामुळेच भीतिदायक. बाजूने निसटायला जागाच उरत नाही.

शेवटी एक वही ठेवा. पहिल्याच दिवशी खेळाडू राजवाडा सोडून वेशीवरच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारत बसतील आणि त्याच्या बायकोचे नाव विचारतील. तोंडाला येईल ते सांगा आणि लगेच टिपून घ्या. पूल ओलांडायला किती जकात, पोहता न येणाऱ्याने फासा किती टाकायचा, हेही टिपा. आज तुम्ही मनाने ठरवलेत. पुढच्या खेपेला तो नियम असेल आणि वकिलाला तो तारखेसकट पाठ असेल.