प्रवाळकाका

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी मंडळात प्रत्येक विषयाला एक माणूस नेमून दिलेला असतो. ग्रीन कार्डाची रांग कुठल्या महिन्यापर्यंत सरकली हे सांगणारे एक, कुकरची गास्केट एडिसनच्या कुठल्या दुकानात मिळते हे सांगणाऱ्या एक, परवानगी न काढता बेसमेंटमध्ये न्हाणीघर बांधलं तर काय होतं हे (स्वानुभवाने) सांगणारे एक. आमच्याकडे याखेरीज प्रवाळकाका आहेत.

गणेशोत्सवात आरती आटोपून शाळेच्या हॉलमध्ये जेवणाची रांग लागली की काका रांगेत नसतात. नुकतंच घर घेतलेलं जोडपं कुठे उभं आहे ते हेरत असतात. नवं घर म्हणजे बेसमेंट, बेसमेंट म्हणजे रिकामी भिंत आणि रिकामी भिंत म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी, असं त्यांचं सरळ गणित. "लहानपणी मासे पाळले होते का हो?" एवढंच विचारतात. समोरचा भाबडेपणाने "गप्पी होते बरणीत" म्हणाला की त्याचा मसालेभात गार होणार हे ठरलं.

वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळण्याची, आणि उजव्या हाताची बाही कायम कोपरापर्यंत दुमडलेली. मग अंगात झब्बा असो की सूट. काळ्या पँटवर मिठाचे पांढरे ठिपके. गाडीच्या डिकीत तीन बादल्या, त्यांतली एक घट्ट झाकणाची. बेसमेंटच्या खिडकीतून रात्री निळा-जांभळा उजेड बाहेर पडतो. इथे भलतंच काही पिकतंय अशी पलीकडच्या अमेरिकन आजोबांना बरीच वर्षं शंका होती. काकांनी त्यांना आत नेऊन सगळं दाखवलं. दोन तासांनी आजोबा बाहेर आले आणि तेव्हापासून काका दिसले की ते गॅरेजचं दार लावून घेतात.

काकांचं सध्याचं तत्त्वज्ञान सँडी वादळाने घडवलं. त्याआधी ते अ‍ॅक्रोपोरावाले होते. अ‍ॅक्रोपोरा म्हणजे प्रवाळांतलं खानदानी घराणं: नाजूक फांद्या, प्रखर दिव्यांची हौस, आणि पाण्याची क्षारता जरा इकडची तिकडे झाली की पांढरं पडून जीव सोडायची तयारी. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर वादळ किनाऱ्यावर आदळलं आणि काकांकडची वीज काही दिवस गेली. पंप बंद, हीटर बंद. काकांनी बॅटरीवरचे हवेचे पंप लावले आणि घरातल्या सगळ्या गोधड्या टाकीला गुंडाळल्या. मुलं जॅकेट घालून झोपली. काकू आजही ही हकिकत सांगताना 'सगळ्या' या शब्दावर जरा थांबतात.

अ‍ॅक्रोपोरा तिसऱ्या दिवशी गेले. कोपऱ्यातल्या दगडावर, कुणीतरी फुकट दिलेली, तपकिरी मशरूम प्रवाळं होती. ती अंग चोरून बसून राहिली आणि वीज आल्यावर निवांत उघडली. त्या दिवसापासून काकांनी पंथ बदलला. नवशिक्याने प्रवाळाचं रूप बघू नये, सोसण्याची ताकद बघावी, असं ते सांगतात. कारण पहिल्या वर्षी प्रवाळाला खरा धोका असतो तो मालकाच्या मायेचा. यावर त्यांचा एकच मंत्र आहे: "हात कोरडा ठेवायचा."

मंत्र सांगत असताना त्यांचा उजवा हात टाकीत असतो. डंकन नावाचं प्रवाळ जरा पुढे ओढ, दगड दोन बोटं वळव, खालची गोगलगाय सरळ कर. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली लिहून ठेवलं की समुद्रातला जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते, तिला ढवळत बसू नका. काका त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. तोही ओलाच असतो.

त्यांच्या तावडीत सापडलेल्याची दीक्षा ठरलेल्या क्रमाने होते. पहिला महिना-दीड महिना नुसती टाकी. चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटर. याहून लहान नको, कारण थोडं पाणी लवकर बिघडतं. दगड, वाळू, मिठाचं पाणी, बस्स. या काळात दगडावर जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. बाहेरून काहीच दिसत नाही. पाहुणे येतात, "मासे कुठायत?" म्हणतात आणि यजमान बायकोची नजर चुकवतो.

मग पाण्याचा धडा. घनता १.०२५, तापमान २५-२६ सेल्सियस. नळाचं पाणी चालत नाही. त्यातलं तांबं प्रवाळांचा जीव घेतं आणि फॉस्फेट शेवाळाला पोसतं. म्हणून काकांच्या कपडे धुण्याच्या खोलीत भिंतभर गाळणयंत्र आहे. ते जेवढं पाणी देतं त्याच्या दुपटी-तिपटीने फेकतं, आणि ते फेकलेलं पाणी काकू कढीपत्त्याला घालतात. मंडळात त्यांच्याइतका कढीपत्ता कुणाकडे नाही. या छंदातून घराला झालेला हा एकमेव फायदा, असं काकूंचं म्हणणं. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की वरून गोडंच घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. ही गोष्ट काकांना दरवेळी सांगावी लागते, आणि सर्वांत जास्त वेळा ती केमिकल इंजिनिअरना सांगावी लागते.

एवढं झाल्यावर पहिलं प्रवाळ. मशरूमच. मंद उजेड, संथ पाणी, आणि पाणी थोडं मळकट असेल तर उत्तम. घर फार टापटीप असेल तर काका काळजीत पडतात.

दुसरं झोअँथिड, लाडाने झोआ. बटणाएवढी रंगीत फुलं. बाजारात त्यांतल्या नामवंत जातींच्या एका बटणाला शंभर डॉलरच्या वर मोजणारे लोक आहेत. काका हिरवी-तपकिरी जात फुकट देतात आणि देताना हातमोजे, गॉगल घालतात. या कुळातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. त्यांचा दगड उकळत्या पाण्यात टाकून वाफेने अख्खं घर इस्पितळात पोचल्याची उदाहरणं आहेत. काका हे इतक्या गंभीरपणे सांगतात की घेणाऱ्याचा हात मागे येतो. "कांदा चिरायला बसवलं तर मात्र गॉगल सापडत नाही," काकू स्वयंपाकघरातून.

मग ग्रीन स्टार पॉलिप. जांभळ्या साईवर हिरवं गवत. ते वेगळ्या दगडावर, चहूबाजूंनी वाळू राखून ठेवायचं, नाहीतर मागची काचसुद्धा गिळतं. झेनिया काका कुणाला देत नाहीत. पाण्यात सतत मुठी उघडत-मिटत असतं, पोरं त्याच्यापुढून हलत नाहीत, पण तण आहे तण, असं म्हणतात. त्यांच्याकडे भरपूर आहे.

टोडस्टूल लेदर दिलं की मात्र काका त्या आठवड्यात फोन उशाशी घेऊन झोपतात. हे छत्रीसारखं प्रवाळ मधूनच मिटतं, अंगावर मेणचट पापुद्रा आणतं आणि आठवडाभर फुगून बसतं. नव्या मालकाचा रात्री बाराला फोन ठरलेला.

"काका, मेलं हो!"

"मेलं नाही, कात टाकतंय. वास येतो का?"

"नाही."

"मग झोपा. आणि हात घालू नका."

दगडी सांगाड्याचं प्रवाळ सहा महिन्यांनंतर. डंकन, कँडी केन, अगदीच हुशार शिष्य असेल तर हॅमर. इथे काका जागेबद्दल फार कडक. हॅमर रात्री लांब सोंडा बाहेर काढून पोचेल त्या शेजाऱ्याला डसतं; लेदर न हलता पाण्यात विष सोडतं. "लग्नाच्या पंगतीत कुठली मावशी कुणाशेजारी बसवायची नाही, हे कळतं ना? तेवढंच कळायला हवं."

काकांची आई सांगलीहून एकदा उन्हाळ्यात आली होती. आजींच्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी, मंगळासाठी. टाकीपुढे खुर्ची टाकून त्या बराच वेळ बसल्या.

"हे जिवंत आहे?"

"हो आई. प्राणी आहे. याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं, त्यावरच याचं बरंचसं भागतं."

"म्हणजे रांधायला नको," आजी म्हणाल्या आणि सुनेकडे बघून मान हलवली. परत जाताना त्यांनी अंगठी काढून पर्समध्ये ठेवली. का ते कुणी विचारलं नाही.

पुण्याच्या मेहुण्याने व्हिडिओ कॉलवर हे वैभव बघून "मलाही एखादं हॅमर मिळवून द्या" म्हटलं, तेव्हा काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. भारतात सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ पासून. "वाघ त्याच यादीत आहे. वाघ आणू का? तू गप्पी पाळ."

गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या लग्नासाठी काका-काकू तीन आठवडे सांगलीला गेले आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. टाकी हा प्रकार मी जन्मभर टाळलेला. त्याच भरवशावर काकांनी मला निवडलं असावं. फ्रीजवर अकरा कलमांची यादी. सुरुवातीचे काही दिवस सांगलीहून रोज फोन आला: घनता किती, तापमान किती, लेदर उघडलं का, हॅमरच्या सोंडा कुठल्या अंगाला आहेत. मागून सनईचा आवाज, आणि काकूंचा, "अहो, सीमांतपूजन!" पुढे मांडवात नेटवर्क मिळेना आणि फोन थांबले. मी रोज जाऊन चिमूटभर खाणं टाकायचो, गोडं पाणी भरायचो, दिवा बघायचो आणि घरी यायचो. बाही दुमडायची वेळ एकदाही आली नाही.

काका विमानतळावरून थेट बेसमेंटमध्ये उतरले, बूट घालूनच. लेदर ताटाएवढं पसरलं होतं. डंकनला नवी तोंडं फुटली होती. मशरूम दगडावरून उतरून काचेवर वसली होती. झोआ तर दाटीवाटीने उघडलेले. इतकं गजबजलेलं मी ते कधी पाहिलं नव्हतं, आणि काकांनीही पाहिलं नसावं, कारण ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"बघितलंत?" शेवटी म्हणाले. "फोनवरूनसुद्धा किती नीट सांभाळता येतं."

काकूंनी माझ्याकडे बघून बॅग जमिनीवर ठेवली. काकांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि टेप घेऊन बाहेर आला.

"तुमच्या डायनिंग टेबलामागची भिंत किती फुटांची हो?"