दहीसाखरेचा हमखास प्रयोग: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

एफवायबीएला मानसशास्त्र घेणाऱ्या पुष्कळांना वाटतं की इथे समोरच्याच्या मनातलं ओळखायला शिकवतात. प्रत्यक्षात पहिल्या काही तासांतच फळ्यावर चल, गृहीतक, नियंत्रित गट असे शब्द येऊ लागतात आणि मागचे बाक रिकामे होतात. घाबरू नये. प्रकल्प वेळेत व्हावा, निष्कर्ष आपल्याला हवा तोच निघावा आणि घरातही वाद होऊ नयेत, अशी पद्धत उपलब्ध आहे.

विषय असा निवडावा ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. उदाहरणार्थ, परीक्षेला निघताना दहीसाखर खाल्ली की पेपर चांगला जातो. ‘चांगला जाणं’ म्हणजे काय, ते मात्र कुठेही लिहू नये. पुस्तकात याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात आणि ती आधी लिहिली की हात बांधले जातात. लिहिली नाही, तर गुण वाढले तरी पेपर चांगला गेला, गुण तेवढेच राहिले तरी मन शांत होतं, आणि मुलगा नापास झाला तर दही आंबट होतं.

मग पुरावा. इथे सर चार चौकटींचा तक्ता काढायला सांगतील: दहीसाखर खाऊन पास, खाऊन नापास, न खाता पास, न खाता नापास. आपण पहिली चौकट भरावी. ती भरायला शेजारच्या काकू पुरतात; त्यांचा मुलगा दहावीला दही खाऊन गेला होता आणि पेढे अख्ख्या बिल्डिंगला मिळाले होते. दुसऱ्या चौकटीतल्या मुलांच्या घरी कोणी पेढे वाटत नाही, त्यामुळे ती मुलं सापडत नाहीत. चौथीची तर आठवणही कोणी ठेवत नाही. काहीच न खाता गेला आणि नापास झाला, ही काय सांगायची गोष्ट आहे?

नमुना कँटीनमध्ये गोळा करावा. याला आंतरराष्ट्रीय परंपरा आहे. हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन या तिघांनी 2010 मध्ये दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकांतल्या अभ्यासांत सुमारे 96 टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती, आणि त्या देशांत जगाची जेमतेम 12 टक्के लोकसंख्या राहते. त्यातही कॉलेजची मुलं भरपूर. ‘मानवी मन असं चालतं’ हे वाक्य एवढ्यावर लिहिता येत असेल, तर आपलं कँटीन काय वाईट आहे?

गट पाडताना नाणं उडवू नये. ज्याला खायचं त्याने खावं, नको त्याने खाऊ नये. याचा फायदा हळूहळू लक्षात येतो. ज्या घरी परीक्षेच्या सकाळी दाराशी वाटी घेऊन कोणी उभं असतं, त्या घरी बहुधा क्लासची फी वेळेवर भरलेली असते, रात्री टीव्हीचा आवाज बारीक केलेला असतो आणि मुलगा सेंटरवर स्कूटरने सोडला जातो. हे सगळं श्रेय आपोआप दह्याच्या खात्यात जमा होतं. नाणं उडवलं की अशी घरं दोन्ही गटांत साधारण सारखी विखुरतात आणि दही बिचारं एकटं पडतं.

प्रश्नावलीतला प्रश्न असा असावा: ‘दहीसाखर खाल्ल्यामुळे तुमचा आत्मविश्वास किती वाढला? (अ) थोडा (ब) बराच (क) खूप.’ ‘वाढला नाही’ हा पर्याय छापून कागद वाया घालवू नये.

उत्तरपत्रिका स्वतः तपासाव्यात, आणि दही कोणी खाल्लं ते आधी पाहून घ्यावं. इथे बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यात आपल्यासारख्यांचं फार नुकसान झालं. फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हा घोडा टापा आपटून बेरजा सांगायचा. मालक लबाड नव्हता. परक्या माणसांनी विचारलं तरी उत्तर बरोबर यायचं. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दोनच गोष्टी केल्या: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, आणि घोड्याला विचारणारा दिसणार नाही असं पाहिलं. हान्सचं गणित तिथेच संपलं. टापांचा आकडा बरोबर झाला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. एवढी बारीक नजर असलेल्या जनावराला शाबासकी द्यायची सोडून लोक त्याला गणित येत नाही म्हणून हळहळले. तात्पर्य, फुंग्स्टसारखी माणसं प्रयोगाच्या खोलीत येऊ देऊ नयेत.

आकडे हाती आले आणि काहीच निघालं नाही, तर खचू नये. मुलं-मुली वेगळे करून पाहावं. मग कला-वाणिज्य. मग फक्त सोमवारचे पेपर. मग साखर जास्त घेतलेले. 0.05 ही पातळी धरून खरोखर काहीच फरक नसलेल्या वीस ठिकाणी शोधलं, तर सरासरी एका ठिकाणी काहीतरी ‘सार्थ’ सापडतंच. उरलेल्या एकोणीस ठिकाणांचा उल्लेख टाळला की झालं. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी 2011 मध्ये अशाच सवलती जाणूनबुजून घेऊन दाखवलं की बीटल्सचं ‘व्हेन आय अ‍ॅम सिक्स्टी-फोर’ ऐकल्याने माणसाचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी होतं. त्यांना या सवलतींचा धोका दाखवायचा होता. आपण पद्धत तेवढी उचलावी.

काय करू नये, याचा नमुना पुण्यात आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून कोणती कुठल्या गटातली ते सांगितलं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून पन्नास आली असती. निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. यात सगळंच बिघडलेलं आहे. बरोबर कशाला म्हणायचं ते आधी ठरलेलं, चुकलेली उत्तरंही मोजलेली, आणि तुलना थेट नाण्याशी. एकाही ज्योतिषाला ‘पण एकूण स्वभाव तर जुळतो ना?’ म्हणायला जागा ठेवली नाही.

कच्चा डेटा पेनड्राइव्हमध्ये ठेवावा आणि पेनड्राइव्ह हरवावा. 2015 मध्ये शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळच्या 97 टक्के अभ्यासांत ‘सार्थ’ निकाल होता, दुसऱ्या खेपेला तो 36 टक्क्यांतच आला. आपल्या पाठून येणाऱ्या ज्युनियरांना असली अवदसा आठवू नये.

राहिली तोंडी परीक्षा. एक्सटर्नल दुपारच्या जेवणानंतर शक्यतो काही विचारत नाहीत. पण एखाद्या बाई जर्नल चाळता चाळता थांबतात आणि म्हणतात, ‘काय दिसलं असतं, तर तुम्ही दह्याचा उपयोग नाही असं लिहिलं असतं?’ या पद्धतीत त्याला उत्तर नाही. ‘मॅडम, ते मर्यादांमध्ये लिहिलंय,’ असं म्हणून शेवटचं पान उघडून द्यावं. मागे अजून तीस मुलं उभी असतात. सही होते.