बोरमाळेतली लाख

दसऱ्याच्या संध्याकाळी अनगोळच्या आमच्या गल्लीत आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरायचं, थोरांच्या पाया पडायचं आणि प्रत्येक उंबऱ्यावर तोच आशीर्वाद झेलायचा : ‘सोनं घे, सोन्यासारखा राहा.’ अकरावीला रसायनशास्त्र वाट्याला आलं आणि या आशीर्वादानं मला पेचात टाकलं. पुस्तकातलं सोनं फारच तुटक निघालं. अणुक्रमांक 79, हवेशी बोलणं नाही, पाण्याशी देणंघेणं नाही, नायट्रिक आम्ल आलं तरी दारातूनच परत. लोखंड पहिल्या पावसात गंजतं, तांबं हिरवं पडतं, चांदी तर नुसत्या हवेनं काळवंडते, आमच्या धाकट्या काकीसारखी. सोनं मात्र हजार वर्षं पुरून ठेवा. बाहेर काढल्यावर कूससुद्धा बदलत नाही. ज्या गल्लीत एका घरात भांड्याला भांडं लागलं की चार घरांत फोडणी करपते, तिथं असं कसं राहायचं?

आजीला विचारलं. ती म्हणाली, “गप राहायचं, आणि काय!” याहून नेमकं उत्तर मला पुढं कुठल्या सरांनीही दिलं नाही.

त्या गप्पपणाच्या आत मात्र केवढी धावपळ! सोन्याच्या अणुकेंद्रालगतचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगानं पळतात. त्या घाईपायी बाहेरच्या कक्षांची घडी अशी बदलते, की सोनं निळा प्रकाश गिळतं आणि आपल्या वाट्याला पिवळेपणा येतो. म्हणजे ती झळाळी ही एक प्रकारची दडवलेली दमछाकच. भरल्या घरात पहाटेपासून राबून सांजेला दारात शांत बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर मी ती पुष्कळदा पाहिली आहे.

सोन्याला विरघळवायचं तर अम्लराज लागतं : तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. एरवी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या जावांनी सासूपुरती एकी करावी, तशी ही जोडी. 1940 साली जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या, तेव्हा हेवेशी या शास्त्रज्ञानं लाउए आणि फ्रांक यांची नोबेल पदकं अम्लराजात विरघळवून ते द्रावण फळीवर ठेवून दिलं. कुणाचं लक्षही गेलं नाही. युद्धानंतर सोनं परत निघालं आणि पदकं पुन्हा घडली. आमची आजी अम्लराजाशिवाय भागवायची. तिची बोरमाळ तांदळाच्या डब्यात असे.

ती बोरमाळ एकदाच डब्याबाहेर निघाली, माझ्या कॉलेजच्या फीसाठी मोडायला. शहापुरातल्या सराफानं एक मणी नखानं चाचपला. मण्याला बारीक चीर होती आणि तिच्यातून तपकिरी लाख डोकावत होती. “आज्जी, वर पत्रा आहे, आत लाख. लाखेचं वजन वजा होणार.” तीन तोळ्यांचा घरचा लौकिक काट्यावर बसायच्या आधीच निम्मा झाला. मला ओशाळल्यासारखं झालं. आजीला नाही. सोनं इतकं मऊ, की नुसता पत्रा गळ्यात घातला तर पहिल्याच कुशीवर चेपेल, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“लाख हाय म्हणून तर मणी गोल ऱ्हायले की,” ती म्हणाली, आणि बोरमाळ उचलून पुन्हा गळ्यात घातली.

फी कशी भरली ते आता आठवत नाही. दोन म्हशींपैकी एक गोठ्यात दिसेनाशी झाली, एवढं आठवतं. त्या दसऱ्याला मी वाकलो तेव्हा बोरमाळ माझ्या कपाळाला लागली. चिरेचा मणी तिनं मेण लावून बुजवला होता.