सेवा-शिबिराचा समारोप कसा करावा

समारोप हे सेवा-शिबिराचे मुख्य अंग असून श्रमदान ही त्याची पूर्वतयारी होय, हे आधी नीट ध्यानात घ्यावे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि एखाद्या गावात सात दिवस मुक्कामी राहावे, एवढे नियमांत आहे. सातव्या दिवशी व्यासपीठावर किती खुर्च्या मांडाव्यात, याबद्दल मात्र नियम गप्प आहेत. वाशीम जिल्ह्यातील समस्त शिबिर-संयोजकांसाठी ही उणीव येथे भरून काढली आहे. खुर्च्या अकरा असाव्यात. बारावे पाहुणे येतातच.

कार्यक्रमाची वेळ सकाळी दहाची छापावी, म्हणजे प्रमुख पाहुणे एकपर्यंत पोहोचतात. मधल्या वेळेत स्वयंसेवकांकडून मनोगते घ्यावीत. पाचव्या मनोगतानंतर सगळ्यांचे अनुभव एकसारखे होतात. हरकत नाही, अहवालात ते एकाच परिच्छेदात बसतात. पोरांच्या छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या रथाचे चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास, सेवेला सदैव तयार. यांतले दोन आरे समारोपासाठी राखून ठेवावेत. पाहुणे आले की त्यांना पोरांनी सांडपाण्यासाठी खणलेल्या शोषखड्ड्याकडे न्यावे. तो पूर्ण झालेला असला तरी एक घमेलेभर गिट्टी बाजूला काढून ठेवावी. ती पाहुण्यांच्या हस्ते पडली पाहिजे. घमेले अर्धेच भरावे, पूर्ण घमेले उचलताना फोटोत चेहरा वाकडा येतो.

शोषखड्ड्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे खरे बोलू. या भागातली काळी माती चिकण, पाणी लवकर पीत नाही. म्हणून मोजपट्टीवर मीटर भरला की थांबायचे नसते, मुरूम लागेपर्यंत खणायचे असते. तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर गिट्टी, आणि तोंडाशी बुडाला भोके पाडलेले मडके. मडक्यात काथ्या. सांडपाण्यातले खरकटे आणि साबणाचा चिकटा त्या काथ्यात अडकतो, नितळलेले पाणी खाली उतरते. काथ्या वेळेवर काढून धुतला नाही, तर मडके तुंबते आणि न्हाणीचे पाणी पुन्हा रस्त्यावर येते. म्हणजे शिबिर गेल्यावर काय उरणार, हे एका मूठभर काथ्यावर ठरते. आणि तो काथ्या कोण धुणार, हे आजवर एकाही आभारप्रदर्शनात ऐकू आलेले नाही.

सात दिवसांचे काम कसे संपवावे, हे या मुलखाला नव्याने शिकवायला नको. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस झाले की काल्याचे कीर्तन, मग पंगत, मग ज्याने सतरंज्या आणल्या तोच त्या झटकतो. आपण सप्ताहाचे दिवस तेवढे उचलले, काला विसरलो. शेगावहून आषाढीला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून, रिसोडवरून पंढरपूरकडे जाते. लोक वारकऱ्यांना जेवू घालतात, दुखरे पाय चेपतात, आणि सकाळी पालखी पुढे निघते. पाय चेपणाऱ्याला कोणी प्रमाणपत्र देत नाही, तरी पुढच्या वर्षी तो तिथेच उभा असतो. इथली महाविद्यालये ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात आहेत ते गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत, रात्री कीर्तन करीत आणि कोणाला पाया पडू देत नसत. बाबांच्या तसबिरीला हार घालून सुरू होणारा चार तासांचा सत्कार-सोहळा त्यांनी कसा झाडला असता, याची कल्पना करायला फार विद्वत्ता लागत नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, पोरांचे कौतुक नको का? हवेच. पण कौतुक करणारा तो, ज्याच्या दारातले डबके हटले. त्या घरच्या आजीने ‘पोट्टेहो, चहा घेऊन जा’ म्हटले, तर ते प्रमाणपत्रापेक्षा जास्त दिवस टिकते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: शाल-श्रीफळ नाही मिळाले तर सरपंच रुसतील, आणि पुढल्या वर्षी शाळेची खोली मुक्कामाला मिळणार नाही. बरोबर. मग द्या शाल. पण देताना खड्ड्यांची यादी आणि चार फावडी त्यांच्याच हाती द्या. शाल पेटीत जाते, फावडी गावात राहतात. तिसरा आक्षेप अनुदानाचा आणि फोटोंचा. त्यावर उत्तर नाही. फोटो काढा, पण लवकर काढा.

अश्रूंसाठी वेगळी सोय करावी लागत नाही. टेम्पोत गाद्या चढवताना ते आपोआप येतात. सात दिवसांपूर्वी टिकाव कसा धरावा हे ठाऊक नसलेला पोरगा तळहाताचे फोड मित्राला दाखवत असतो. रोडगे आणि वांग्याची भाजी जरा जास्तच झालेली असते, पोरी गावातल्या मैत्रिणींचे नंबर घेत असतात. या पोरांना कोणी हसू नये. त्यांनी मनापासून खणलेले असते. मांडव दुसऱ्यांनीच घातलेला असतो.

तेव्हा शेवटचा नियम. टेम्पो सुरू होण्याआधी एका स्वयंसेवकाने प्रत्येक शोषखड्ड्यापाशी जावे, घरातल्या बाईला बोलवावे, मडक्यातला काथ्या काढून तिच्यादेखत धुवावा आणि परत बसवून दाखवावा. पाच मिनिटे लागतात. पाहुणे तोवर मालेगावच्या पुढे गेलेले असतात.