भावी डॉक्टर

राजकारणात जसे भावी आमदार असतात, तसे आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत एक भावी डॉक्टर आहेत. औषधांचे नव्हेत, पीएचडीचे. २०१८पासून खिडकीजवळचं टेबल त्यांचं. पंख्याखालचं नको, कार्डं उडतात. कार्डांसाठी रिकामे डबे: श्रीखंडाच्या डब्यात कायदा, आम्रखंडाच्या डब्यात निकाल. विषय ठरलेला आहे, गर्भपात आणि पालकांचे हक्क. ठरायचा आहे तो फक्त प्रश्न.

पहिलं शीर्षक मीच टाइप करून दिलं होतं: 'गर्भपात व पालकांचे हक्क : एक जागतिक, ऐतिहासिक, तात्त्विक आणि तौलनिक अभ्यास'. मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलीने शेरा मारला, "जग वगळा." भावींनी जड मनाने जग वगळलं, अमेरिका ठेवली. तिथे बऱ्याच राज्यांत अल्पवयीन मुलीला आईबापांची संमती लागे. त्यांच्याकडे न जाता थेट न्यायाधीशाकडे जायची वाट १९७९च्या एका निकालाने मोकळी ठेवली होती. यावर तीन डबे भरले. आणि २४ जून २०२२ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३चा रो खटल्याचा निकालच मोडीत काढला. आता तिथल्या बायकांचं काय, म्हणून जग हळहळत होतं. भावी एवढंच म्हणाले, "माझं दुसरं प्रकरण गेलं हो."

मग स्वदेशी. 'भारतात अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताला पालकांची संमती लागते काय?' मॅडम म्हणाल्या, "लागते. १९७१च्या कायद्याचं कलम ३ वाचा. सज्ञान बाईला स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही, हेही तिथेच आहे. झाली पीएचडी." पुढचा प्रश्न: 'संमतीची अट कशी घातक आहे?' त्यावर शेरा आला, "उत्तर सापडलेलं दिसतंय. आता प्रश्न शोधा."

मग गाडी 'पालक' या शब्दात रुतली. कायद्यातला पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. ती आईबापच असेल असं नाही. आपल्याकडे शाळेच्या सभेला जातो तो पालक, आणि अख्ख्या जिल्ह्याला असतो तो पालकमंत्री. या शोधावर आठ महिने गेले. चहावाला म्हणाला, "भाजीपण धरा सर, पंधराला जुडी." भावींनी ते कार्डावर टिपून घेतलं.

गेल्या दिवाळीत एक सिस्टर अंक बदलायला आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. "काय सर, कशावर लिहिताय?" भावींनी सांगितलं. पाऊण तास लागला. अंक पिशवीत सारत सिस्टर म्हणाल्या, "मला एवढंच सांगा. मुलगी एक म्हणते, आईवडील दुसरंच म्हणतात, आणि फॉर्म माझ्या हातात. मी कुणाचं धरायचं? दुसरं म्हणजे, पोरगी अठराच्या आतली, म्हणजे पोलिसांना कळवणं आलं. त्या धास्तीने घरचे तिला आणायलाच उशीर करतात. तो उशीर कधी कुणी मोजलाय का?"

माझा शिक्का हातातच राहिला. २०२४मध्ये आपल्याच राज्यातल्या चौदा वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असंच फिरलं होतं. २२ एप्रिलला गर्भपाताची परवानगी मिळाली, मग आईवडिलांचं मन बदललं आणि २९ तारखेला न्यायालयाने आदेश मागे घेतला. अल्पवयीन मुलीचं मत पालकांहून वेगळं पडलं, तर निर्णय देताना न्यायालयाने ते महत्त्वाचं धरावं, असंही त्यात म्हटलं आहे. हे कार्ड भावींकडे होतं. मी स्वतःच आम्रखंडाच्या डब्यातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

भावींनी चष्मा पुसला. "सिस्टरांचे प्रश्न चांगले आहेत," ते म्हणाले, "पण फार लहान आहेत हो. यात जग कुठंय?"

२०२१च्या दुरुस्तीनंतर १९७१च्या त्या कायद्यातला हिशेब असा आहे: विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, त्यापुढे चोविसाव्यापर्यंत, अल्पवयीन मुलींसारख्या ठरावीक जणींसाठीच, दोघांचं. सगळी मोजणी आठवड्यांची. भावींच्या प्रश्नाला आता आठवं वर्ष लागलं आहे.