भावनांचे विवरणपत्र

बोरीच्या पात्रातील वाळू भाजून निघू लागली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यांसाठी लिंबाच्या बळकट फांद्या हेरल्या जाऊ लागल्या आणि शाळेच्या भिंतींतून निघणारी धग पंख्याच्या वाऱ्यासही न जुमानता वर्गात ठाण मांडून बसली, म्हणजे माध्यमिक शिक्षकाच्या अंतःकरणात वर्षान्ताच्या काही कोमल भावना उत्पन्न होतात, अशी एक वदंता अमळनेरात पूर्वापार चालत आली आहे. शिक्षण खात्याच्या दप्तरात मात्र तिला कोठेही दुजोरा मिळत नाही. आणि जिची दप्तरी नोंद नाही ती वस्तू अस्तित्वातच नाही, हा आमच्या राज्यकारभाराचा आद्य सिद्धान्त होय. याच गावी 1916 साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरातील अद्वैत पंडित जगाचे मिथ्यात्व सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे झिजले; खाते तेच कार्य एका परिपत्रकात उरकते.

वस्तुतः खात्याची जिज्ञासा काही थोडीथोडकी नव्हे. विद्यार्थ्याचा आधार क्रमांक, त्याचा ‘अपार’ क्रमांक, शाळेतील नळ, शौचालये, ग्रंथालयातील पुस्तके, यांपैकी ‘यूडायस’ या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या पोटात न गेलेली वस्तू विरळा. असे असता शिक्षकाचे हृदय तेवढे मोजणीबाहेर राहावे, हा त्या हृदयावर उघड अन्याय आहे. तरी ‘प्रपत्र भ : वर्षान्त-भावना’ या नावाचे एक नवे विवरणपत्र तातडीने जारी व्हावे, अशी आमची सरकारदरबारी नम्र अर्जी आहे.

यातील पहिला रकाना कृतकृत्यतेचा. ही भावना अनुभवण्यास किती अवधी द्यावा, याचा दाखला तयारच आहे. 2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षा साऱ्या राज्यात एकाच वेळापत्रकाने 25 एप्रिलपर्यंत चालवून 1 मे रोजी निकाल लावण्याचे फर्मान निघाले. अर्थात मधल्या पाच दिवसांत शेवटच्या उत्तरपत्रिका तपासून, गुण चढवून, बेरजांची रुजुवात करून आणि प्रगतिपुस्तकांवर सह्या ठोकून जी काय कृतकृत्यता उरेल, ती शिक्षकाने कार्यालयीन वेळेनंतर स्वखर्चाने भोगावी.

दुसरा रकाना विषादाचा, आणि येथे छाननी कसून झाली पाहिजे. वर्षभर अपूर्णांकांशी उभा दावा मांडून बसलेला नववीचा एखादा मुलगा शेवटचा पेपर आटोपल्यावर, दिवाळीआधी उसनी नेलेली शिक्षकाची कंपासपेटी परत आणून देतो, ‘येतो सर’ एवढेच पुटपुटतो आणि सुट्टीत काकाच्या हाताखाली काम करण्यास सुरतेच्या गाडीत बसतो. तो जूनमध्ये परत येईल की नाही, या विचाराने शिक्षकाचा कंठ दाटून येतो असे म्हणतात. केवळ तोंडी म्हणण्यावर भिस्त ठेवता येणार नाही. सदरहू गहिवराचे, पाठीमागे फळा व दिनांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्र जोडणे बंधनकारक असावे. कंपासपेटी जडवस्तू संग्रह नोंदवहीत जमा करावी.

तिसरा, सुटकेच्या आनंदाचा रकाना छापण्याची आवश्यकता नाही. शिक्षणहक्क कायद्याचे कलम 27 शिक्षकास जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांस जुंपण्याची मुभा देते, आणि मे महिन्याचा एकान्त भंगण्यास ही त्रयी पुरेशी आहे. 13 मे 2024 रोजी जळगाव मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा खडूऐवजी शाईची बाटली हाती आलेल्या गुरुजनांना याचा प्रत्यय आलेलाच आहे.

आता कोणी म्हणेल, हे अमळनेर साने गुरुजींचे! खरेच आहे. 1924 मध्ये गुरुजी येथे शिक्षक झाले, छात्रालयातील मुलांच्या खोल्या स्वहस्ते झाडू लागले, त्यांच्यासाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढू लागले. आणि शंभर वर्षांनी, 2024 च्या फेब्रुवारीत, याच गावी 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. परंतु आजच्या निकषांवर गुरुजींची गोपनीय नोंद लिहावयाची झाल्यास ती काय होईल? खोल्या झाडणे : शिपायाच्या कामात विनापरवाना हस्तक्षेप. हस्तलिखित दैनिक : संकेतस्थळावर अपलोड केलेले आढळत नाही. मुलांसाठी अश्रू : पुरावा जोडलेला नाही. 1930 साली नोकरी सोडण्यास त्यांना सविनय कायदेभंगाचे निमित्त लागले. आज बंद पडलेला सर्व्हर आणि ‘आज सायंकाळी पाचपर्यंत’ असा निरोप पुरला असता.

पालकांस मात्र एक विनंती. निकालाच्या दिवशी ‘सर, पोऱ्या पास व्हयना ना?’ असे विचारून झाल्यावर, जमल्यास सरांचीही प्रकृती पुसावी. परंतु उत्तर लेखी मागू नये, कारण लेखी उत्तर त्यांना तीन प्रतींत द्यावे लागते.