हँडबुक वाचतो कोण?

लिटल लीगच्या बेसबॉल संघाला हँडबुक लागतं, असं मला कुणीच म्हटलं नव्हतं. सरावाच्या वेळा, पाण्याची बाटली, खाऊची पाळी; एका पानात मावतं. पण ज्याचा उभा जन्म गल्लीत ‘एक टप्पा आउट’ खेळण्यात गेला, त्याला न्यू जर्सीत नऊ-दहा वर्षांच्या पोरांचा मॅनेजर केलं की एका पानात भागत नाही. मी मनोगत लिहिलं. अनुक्रमणिका केली. ऋणनिर्देशात माझंच नाव दोनदा आलं.

खुणांचं प्रकरण विशेष रंगलं. टोपीला हात म्हणजे पुढची खूण खरी, नाकाला म्हणजे बंट, चेंडूला नुसती बॅट टेकवायची. हंगाम एप्रिल-मेचा, हवेत परागकणांचा धुमाकूळ. तिसऱ्या बेसपाशी मी टोपी सारखी करून नाक पुसलं की पोरं इमानदारीत बंट करायची.

इनफील्ड फ्लायच्या नियमापाशी मात्र लेखणी थांबेना. पहिल्या-दुसऱ्या बेसवर धावपटू, दोनपेक्षा कमी आउट, आणि चेंडू इनफील्डवर उंच उडाला, सहज झेलता येण्यासारखा. तर झेल घ्या नाहीतर सोडा, बॅटर आउटच. कारण तसं नसेल तर लबाड फिल्डर झेल मुद्दाम टाकणार आणि बेसला चिकटलेल्या बिचाऱ्यांना पळायला लावून एकाच्या जागी दोघे टिपणार. १८९०च्या दशकात या लबाडीवर नियम आला. त्या नियमाचं इंग्लिश कॉमन लॉशी नातं जोडणारा लेख १९७५ साली पेन्सिल्वेनिया विद्यापीठाच्या कायद्याच्या नियतकालिकात छापून आला, तळटिपांनी खच्चून भरलेला. मग मी का मागे राहू? मीही तळटिपा दिल्या. एक तळटीप तर आधीच्या तळटिपेवर होती. वास्तविक ‘सहज झेलता येण्यासारखा’ चेंडू आमच्या संघात अजून कुणी पाहिलेला नाही.

पीडीएफ पालकांच्या ग्रुपवर टाकली. अंगठे आले. पाठोपाठ प्रश्न आला, शनिवारी खाऊ कुणाचा?

अक्षरन् अक्षर वाचलं ते साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने. इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. लाल पेन घेऊनच बसली. इनफील्ड फ्लायच्या पानांवर आडवी काट आणि शेरा, ‘पाल्हाळ’. मग मैदानाच्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाली, “हे नऊ नंबरचं पोर तिकडे एकटं का रे उभं केलंयस?”

नऊ नंबर म्हणजे राइट फील्ड. या वयात तिकडे चेंडू क्वचित जातो, म्हणून ज्याला झेल जमत नाही त्याची रवानगी तिकडे. लिटल लीगचा नियम आहे, छोट्या संघात प्रत्येकाला निदान एकदा बॅटिंग आणि सहा आउट होईपर्यंत फिल्डिंग मिळालीच पाहिजे. सहावा आउट पडताच त्या पोराला बाकावर बसवणारे मॅनेजर मी पाहिलेत. चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचं तेज. त्यांची मला मनापासून चीड येते. गल्लीतला कच्चा लिंबू आउट झाला तरी बॅट सोडत नसे; इथल्या कच्च्या लिंबाच्या वाट्याला नुसतं गवत. तो ते उपटत बसतो आणि कुंपणापलीकडून बाप ओरडतो, “लक्ष दे!” कशाकडे द्यायचं त्याने?

दुसऱ्या आवृत्तीत मी जागा फिरत्या केल्या. दर इनिंगला सगळे हलणार, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या मोक्याच्या जागेवरचा शॉर्टस्टॉपसुद्धा नऊ नंबरवर जाणार. पहिल्याच सामन्यानंतर शॉर्टस्टॉपच्या वडिलांनी पार्किंगमध्ये गाठलं. त्यांच्या हिऱ्याला राइट फील्डला कुणी पाठवलं?

म्हटलं, “पान चौदा बघा ना.”

“कसलं पान?”